पूर्वी केलेले उपचार

शनवारा, बुऱ्हाणपूर
६ जानेवारी २०२५

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. फोनवर तू "राँग नंबर" म्हणून ठेवलास, म्हणून हे पत्र. राँग नंबर म्हणणाऱ्या माणसानं आधी "कोण, प्रतिभा का?" असं विचारू नये, एवढं नम्रपणे सुचवते. शिवाय मागे शेळी ओरडत होती. त्या शेळीला मी ओळखते.

मुद्द्यावर येते. तुझ्या दारावर नोटीस चिकटवली आहे, "येथे कोणत्याही प्रकारचे उपचार केले जात नाहीत", हे मला खकनारच्या बसचे कंडक्टर कडूमामा यांच्याकडून कळलं. गावात सगळे म्हणतात, भाचीनंच लिहून दिलं. त्याबद्दल खुलासा करणं माझं कर्तव्य आहे. तुला यातलं बरंचसं माहीत आहे, पण कागदावर नीट असलेलं बरं म्हणून पहिल्यापासून लिहिते.

निंबा, केळीचे घड ट्रकमध्ये भरणारा, नोव्हेंबरात ट्रकवरून पडला. उजव्या पायाची नडगी मोडली. त्याला तुझ्याकडे आणलं. तू लेप लावून, कामट्या बांधून, "दोन दिवसांत मोठ्या दवाखान्यात फोटो काढा" असं सांगून पाठवलंस. (असं तू सांगितलंस हे मला नंतर कळलं.) ते दोन दिवसांऐवजी चौथ्या दिवशी, २८ नोव्हेंबरला, आमच्या इमर्जन्सीत आले. पट्टी सोडली तेव्हा गुडघ्याखाली सगळा पाय फोडांनी भरलेला. एकेक फोड लिंबाएवढा. त्या कातडीवर ऑपरेशन करता येईना, म्हणून ते तीन आठवडे पुढे गेलं.

आमच्याकडे प्रत्येक रुग्णाच्या कागदावर एक रकाना असतो, "पूर्वी केलेले उपचार". त्या रकान्यात "हाडवैद्याचा लेप, त्यामुळे फोड" असं लिहिलं गेलं. तो कागद डॉक्टरांनी वर पाठवला, आणि वरून दोन माणसं नोटीस घेऊन तुझ्या दारी आली.

म्हणजे यात कोणाचा वैयक्तिक हेतू नव्हता. पद्धत असते.

तुझी,
प्रतिभा

ता. क. नोटिशीवर तू पोच म्हणून पूर्ण नाव लिहून सही केलीस, आणि ते अक्षर पाहून त्या माणसांनी तुला "मॅडम" म्हटलं, असं कडूमामा म्हणाले. मला बरं वाटलं.

◆

शनवारा
१९ जानेवारी २०२५

ती. आत्या,

नमस्कार. मागचं पत्र पोचल्याची खात्री कडूमामांकडे केली. ते म्हणाले, "बाई म्हनल्या, चष्मा सापडत नाही." ठीक आहे. हे पत्र मोठ्या अक्षरात लिहिते.

मागच्या पत्रातलं एक वाक्य मला पंधरा दिवस टोचतं आहे. "लिहिलं गेलं" असं मी लिहिलं. कागदावर काही आपोआप लिहिलं जात नाही. ते मी लिहिलं. उषा सिस्टर घाई करत होत्या, बाहेर जिनिंगच्या यंत्रात हात अडकलेला एक माणूस येऊन पडला होता, हे सगळं खरं. पण पेन माझ्या हातात होतं.

आता दुसरी गोष्ट. त्याच कागदावर खाली मी निंबाच्या पायाचं वर्णन लिहिलं आहे. तुला माहीत आहे, मी काही सोडत नाही. (आमचे डॉक्टर अनंत सर म्हणतात, "प्रतिभा, पेशंट का वर्णन चाहिए, निबंध नहीं.") परवा फाईल लावताना तो कागद पुन्हा वाचला. मी लिहिलं आहे: "फोडांच्या मध्ये काळे ठिपके व खाली ओघळलेली काळी रेघ."

काळी, आत्या.

तुझा लेप पिवळा असतो. आंबेहळद, मेथी, आणि ते तू सांगत नाहीस ते. माझं लहानपण त्या पिवळ्या रंगात गेलं. दम्यामुळे मला आठ वर्षांपर्यंत शाळेत घातलं नाही, तेव्हा तू चुलीच्या राखेवर कामटीनं अ आ इ काढायला शिकवलंस, आणि मध्येच कोणी मोडलेला आला की तीच कामटी धुऊन त्याच्या हाताला बांधलीस. माझा "ळ" एका गुराख्याच्या मनगटाला गेला, तो परत आलाच नाही. त्या वेळी तुझे हात पिवळे असायचे, काळे कधीच नाही.

काळी रेघ कशाची असते ते तू मला सांगायला नको. बिब्बा. सुई तापवून बिब्ब्यात खुपसायची आणि मुरगळल्या जागी चटका द्यायचा, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. उतला नाही तर आराम, आणि उतला तर अंगभर फोड. तूच मला सांगायचीस, "बिब्बा औषध नाही, जुगार आहे."

म्हणून मी विचारते, आणि राग मानू नकोस, फक्त कागद पुरा व्हावा म्हणून: निंबाच्या पायाला तू बिब्बा लावला होतास का?

त्याच्या सासूला, मथुराबाईंना, मी विचारून पाहिलं. निंबा ड्रेसिंगला येतो तेव्हा त्या सोबत असतात. म्हटलं, "आजी, लेपावरून तुम्ही काही लावलं होतं का?" त्या म्हणाल्या, "आम्ही? आम्ही काय लावू माय? आम्हाले काय समजस?" हे चार वेळा म्हणाल्या, मी एकदाच विचारलं होतं. निंबा तेवढा वेळ पंख्याकडे पाहत होता. पंखा बंद होता.

तुझी,
प्रतिभा

◆

शनवारा
२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्या,

नमस्कार. "चष्मा सापडला, वेळ नाही," असा तुझा निरोप मिळाला. प्रगती आहे.

तुझं उत्तर येईपर्यंत मी स्वस्थ बसले नाही. आमच्याकडच्या एका मुलीनं याचा शास्त्रशुद्ध तपास करायचं ठरवलं आहे. मुलगी चांगल्या घरातली आहे. तिच्याकडे मागच्या आखाजीच्या सणाला तिच्या एका नातेवाईक बाईनं दिलेली लेपाची पुडी होती. तिनं तो लेप रुपयाएवढा डाव्या हातावर लावला, पट्टी बांधली आणि तीन दिवस रोज दोनदा पाहून वहीत लिहिलं. निष्कर्ष: कातडी पिवळी. फोड नाही. खाज नाही. सोबतच्या सिस्टरांचं मत, "तेरे हाथ से कढ़ी की बास आ रही है."

उद्या ती उजव्या हातावर मोहरीएवढा बिब्बा लावून पाहणार आहे. शनवाऱ्यातल्या जडीबुटीच्या दुकानातून आणला. दुकानदारानं विचारलं, "किसके लिए, बेटा?" ती म्हणाली, "तपासासाठी." त्यानं बिब्बा दोन कागदांत बांधून दिला आणि पुडी देताना हात मागे घेतला.

ती मुलगी सावध आहे. काळजीचं कारण नाही.

तुझी,
प्रतिभा

◆

इमर्जन्सी, खाट क्रमांक चार
५ फेब्रुवारी २०२५

ती. आत्या,

साष्टांग म्हणजे आठ अंगं. त्यांतली सध्या पाचच वापरात आहेत, तेवढ्यांनी नमस्कार.

अक्षराकडे पाहू नकोस. डाव्या हातानं लिहिते आहे. ती मुलगी मी होते. तू हे मागच्या पत्राच्या दुसऱ्या ओळीलाच ओळखलं असणार.

मोहरीएवढाच लावला, देवाशपथ. पण सुई गॅसवर तापवून बिब्ब्यात खुपसली तेव्हा धूर निघाला, आणि किती निघतो ते नीट लिहिता यावं म्हणून मी वाकून पाहिलं. मग डोळा चुरचुरला म्हणून चोळला. कोणत्या हातानं, ते वहीत लिहिलेलं नाही.

पहिल्या दिवशी काही नाही. मी वहीत लिहिलंसुद्धा: "बिब्बा निरुपद्रवी?" काल सकाळी उठले तर एक डोळा उघडेना. दुसरा उघडला, त्यानं आरशात पाहिलं आणि तोही मिटावा असं वाटलं. तोंड पुरणपोळीसारखं फुगलेलं. उजव्या हातावर कोपरापर्यंत फोड, आणि मधोमध काळा ठिपका, खाली ओघळलेली काळी रेघ. अगदी निंबासारखी. मला इतका आनंद झाला की मी आधी त्याचं चित्र काढलं आणि मग रिक्षा बोलावली.

ड्युटीवर उषा सिस्टर होत्या. तुला त्यांचं सांगितलं नाही. बावीस वर्षांची नोकरी, सगळ्यांना ओरडतात आणि सगळ्यांना चहा पाजतात. त्यांनी मला पाहून म्हटलं, "बाई, नंबर लागेल, बसा." मी म्हटलं, "सिस्टर, मी." त्या जवळ आल्या. "हाय राम. प्रतिभा? तेरा मुँह किधर गया?"

आधी त्यांनी माझा श्वास पाहिला, जीभ पाहिली, घशातून आवाज येतो का ऐकलं. ते बरोबर केलं. अंगावर फोड कितीही मोठे असले तरी आधी श्वास. श्वास ठीक होता. मग हात भरपूर पाण्यानं आणि साबणानं धुतला, इंजेक्शन दिलं. तेवढ्यात अनंत सर आले. त्यांनी माझा हात उचलला, ती काळी रेघ पाहिली आणि मान हलवली.

"फिर वही खकनारवाली बाई!"

मला काही विचारलं नाही, आत्या. मी तिथे पडले होते, शुद्धीत होते, मला तोंड होतं, जरा जास्तच होतं. एका शब्दानं विचारलं नाही. खिशातलं पेन काढून त्यांनी त्या रकान्यात लिहायला सुरुवातही केली. "हाड..." एवढं लिहून झालं होतं.

आणि मला ते पेन दिसलं. २८ नोव्हेंबरला ते माझ्या हातात होतं. मीही निंबाला काही विचारलं नव्हतं.

मी ओरडले. ओठ सुजल्यामुळे मोठ्यानं ओरडता येत नव्हतं, म्हणून हळू ओरडले. "सर, खोडा ते."

"आँ?"

"ते खोडा. आधी विचारा."

उषा सिस्टर म्हणाल्या, "सर, बुखार चढ़ा है इसको."

"ताप नाही. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. तुम्हीच आत्ता लिहिला." मी उठून बसले. "सिस्टर, तुम्ही लिहा, मी सांगते. पूर्वी केलेले उपचार. रुग्णानं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या अकलेनं, उजव्या हातावर बिब्बा लावला. पुढे कंसात, सुशिक्षित."

"कंस में क्या?"

"सुशिक्षित."

सर खुर्चीवर बसले. "खुद पे टेस्ट किया? बावळट. नर्सिंग कॉलेजात हे शिकवतात?"

"नाही सर. हे मी स्वतः शिकले. बिब्बा लावू नये, हे घरी शिकवलं होतं."

उषा सिस्टरांनी सगळं लिहिलं. "अकल" लिहिताना त्यांना हसू आवरेना.

मग मी सरांना सांगितलं की निंबाच्या पायावरही असाच काळा डाग होता, मीच नोंदला आहे, तो लेपाचा नाही, आणि माझं त्या दिवशीचं लिहिणं चुकलं. सर वाईट नाहीत. विचार केला. मग म्हणाले, "बघ, तुझ्या हातावर बिब्बा उतला, म्हणजे त्याच्या पायावर बिब्बाच होता, हे कसं सिद्ध झालं? आणि होता तरी तो त्या बाईनं लावला नाही, हे कोण सांगणार? सासू तर नाही म्हणते. कागज एक बार ऊपर गया तो गया." मी म्हटलं, मी दुरुस्तीचा अर्ज देते, तीन प्रतींत. ते म्हणाले, "आधी डोळा उघड."

आता खरं ते लिहिते. याच्यासाठीच डाव्या हातानं लिहायला घेतलं.

त्या दिवशी निंबाची पट्टी मी सोडली. गाठ पाहूनच कळलं की ती तुझी आहे. वासानंही कळलं. सरांनी विचारलं, "ये किसने बाँधा?" नोकरीला लागून मला दोनच महिने झाले होते. माझ्या मनात आलं, आता सगळे माझ्याकडे बघतील. मी म्हटलं, "आहे एक गावातली हाडवैद्यीण."

आहे एक.

आणि कोणी पुढचं विचारू नये म्हणून पटकन तो रकाना भरून टाकला. म्हणून निंबाला विचारलं नाही. घाई उषा सिस्टरांची नव्हती, माझी होती.

नोटीस उतरेल की नाही ते माझ्या हातात नाही. पण लिहिलेलं दुरुस्त करणं माझ्या हातात आहे, आणि एक हात अजून चांगला आहे.

प्रतिभा

◆

शनवारा
९ फेब्रुवारी २०२५

ती. आत्या,

कडूमामांनी गाठोडं दिलं. निरोप काय, विचारलं. म्हणाले, "निरोप काही नाही. बाई म्हनल्या, बसमध्ये कोनाच्या बुडाखाली जाऊ देऊ नको."

केळीची कोवळी पानं, कापून, पुसून, एकावर एक. आणि तीळ-खोबऱ्याचे अकरा लाडू. बिब्बा उतल्यावर तीळ-खोबरं, हे माझ्या लक्षात होतं. अकरा का, ते कळलं नाही. बाराव्याचं काय झालं असेल ते शेळीला विचारते.

पानं मी लगेच वापरली नाहीत. सरांना विचारलं. (आता मी सगळंच विचारते. काल पाणी प्यायला विचारलं.) ते म्हणाले, "उकळत्या पाण्यातून काढून लाव. फोडांवर केळीचं पान बड़े अस्पतालों में भी लगाते हैं, चिकटत नाही." लावलं. पहिल्यांदा आग थांबली.

पान कुठून आलं, हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं, तेवढ्यात एक बोट कापलेला आला.

दुरुस्तीच्या अर्जाच्या तीन प्रती दिल्या आहेत. सरांच्या टेबलावर पेपरवेटखाली आहेत. रोज जाऊन पाहते, आहेत.

तुझी,
प्रतिभा

◆

शनवारा
२३ फेब्रुवारी २०२५

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. आठही अंगं हजर.

मंगळवारी काय झालं ते तू अर्धंच पाहिलं आहेस. उरलेलं अर्धं मी सांगते.

दुपारी बाराला आमच्या दारात केळीची पिकअप थांबली. मागे घडांच्या जागी केळीची पानं अंथरलेली, वर पोती, आणि पोत्यांवर मथुराबाई. केळ्यांना डाग पडू नये म्हणून जसं आणतात, तसं आणलं होतं. गाडी थांबायच्या आत त्यांचा आवाज आत आला.

"डाक्टरसाहेब! आधी लिही घ्या! मंग पाय देखा!"

स्ट्रेचरवर घेतलं. डावी नडगी. दोन्ही बाजूंना केळीच्या खांबाचे लांब पापुद्रे, आत कापसाची गादी, वर लुगड्याच्या पट्ट्या, गुडघ्याच्या वर आणि घोट्याच्या खाली. बोटं उघडी. मी पट्टीची गाठ पाहिली आणि तिथेच उभी राहिले.

"काय लिहून घ्यायचं?" सरांनी विचारलं.

"मीच लावा बिब्बा! जावाईना पायले मीच लावा! त्या बाईना लेप चांगला व्हता, पन ठनका लागे, जावाई बोंबले, मी म्हनलं चटका देऊ, जरासा. चार ठिकानी देल्हा. आनि फोड उनात तं मी भ्याई गई."

"आजी, मग इतके दिवस का नाही सांगितलं?"

"कोनी पाय धरीसन इचारंच नही!"

मग कळलं. सकाळी बांधावरून घसरल्या, तुझंच घर जवळ. तू नोटीस दाखवलीस. त्या म्हणाल्या, नोटीस जळो, मना पाय बघ. तू म्हणे दोन्ही हातांनी पाय धरलास आणि विचारलंस, "मथुरे, आधी खरं बोल, मंग सरळ करते."

"पाय तिना हातमा," मथुराबाई सरांना सांगत होत्या, "आनि माले इचारस! अशी इचारनारी डाक्टरीन तुमनी इथं एक बी नही!"

उषा सिस्टर तोंडाला पदर नाही म्हणून फाईल लावून हसत होत्या.

आणि मग मथुराबाईंनी पोलक्यातून घडी केलेला कागद काढला. "बाईनी सांगं, हाऊ कागद सिस्टरले देवाना नही, डाक्टरलेच देवाना."

आत्या, तो कागद म्हणजे माझं २ फेब्रुवारीचं पत्र होतं. ज्याला तुझं उत्तर आलं नव्हतं. त्याच्या पाठीवर तू लिहिलेलं सरांनी मोठ्यानं वाचलं. मला पाठ झालं आहे, तरी पुन्हा लिहिते, कारण मला ते माझ्या अक्षरात पाहायचं आहे:

"पडली साडेनवाला. बांधला पावणेदहाला. हाड बाहेर नाही, रक्त नाही. बोटं गरम. नख दाबलं, लाली परत आली. बोटं हलवते, तोंड त्याहून जास्त हलवते. चहा मागत होती, दिला नाही, भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं. लेप लावला नाही, दारावर नोटीस आहे. बिब्बा लावला का विचारलं. नाही म्हणाली. हिच्या नाहीवर भरवसा नाही, म्हणून हात हुंगून पाहिले. नाही. पूर्वी केलेले उपचार: केळीच्या खांबाचा आधार, एवढाच. बांधणारी धुरपदा. आणखी काही हवं असेल तर मी घरीच असते, विचारायला यावं."

सरांनी ते दोन वेळा वाचलं. दुसऱ्यांदा मनात. मग त्यांनी मथुराबाईंच्या पायाच्या अंगठ्याचं नख दाबलं, सोडलं, रक्त परत येतं का पाहिलं.

"ये कौन सी सिस्टर है खकनार में? इतका नीट रेफरल माझ्याकडे या वर्षात आला नाही."

उषा सिस्टर माझ्याकडे पाहायला लागल्या. त्यांना काही माहीत नव्हतं. त्या फक्त तो कागद आणि माझ्या हातातली वही आळीपाळीनं पाहत होत्या.

"सिस्टर नाही सर," मी म्हटलं. "माझी आत्या."

"वो..."

"हो. खकनारवाली बाई. धुरपदाबाई. निंबाची पट्टीही तिचीच होती. मला त्या दिवशीही माहीत होतं. मला अक्षरं तिनंच शिकवली."

"तभी!" उषा सिस्टर म्हणाल्या. "तभी मैं बोलूँ, दोनों का 'ळ' एक जैसा उलटा क्यों है."

सरांनी मथुराबाईंना फोटोला पाठवलं, मग टेबलापाशी जाऊन पेपरवेट उचललं. तिन्ही प्रतींवर सही केली. मग फोन लावला आणि माझ्यासमोर म्हणाले, "हाँ जी, वो नोटिस. ग़लती हमारी तरफ से हुई है. जी, हमारी." तुझा कागद जोडायला मागितला. मी झेरॉक्स दिली. अस्सल देत नाही म्हटलं. तेव्हा मात्र ते रागावले, पण थोडेच.

मथुराबाईंच्या कागदावरचा तो रकाना मी भरला. नाव, गाव, नातं. नात्याला त्यात जागा नसते. मी बाजूला, समासात लिहिलं.

कडूमामा काल म्हणाले, शुक्रवारी दोघं आले आणि नोटीस काढून घेऊन गेले. डिंक घट्ट होता, दारावर पांढरा चौकोन राहिला आहे. तू त्यांना चहा दिलास, आणि त्यांच्यातला एक खांदा दुखतो म्हणाला, तर त्याला आमच्याकडे पाठवलंस. तो आला होता. तुझ्या हातची चिठ्ठी होती. "जुनं दुखणं, उगाच कुरकुरतो," एवढीच. सरांचंही तेच मत पडलं.

हे सगळं मी तुला काल फोनवर सांगणार होते. तू "राँग नंबर" म्हणालीस आणि फोन ठेवला नाहीस. मीही ठेवला नाही. शेळी ओरडत होती. मग तू विचारलंस, "हात कसा आहे?" मी म्हटलं, बरा आहे, खपली धरली. तू विचारलंस, "नख दाबून पाहिलंस?" मी म्हटलं, आत्या, मला फोड आले होते, हाड मोडलं नव्हतं. तू म्हणालीस, "तरी दाबायचं असतं." मी म्हटलं, हो, दाबलं.

ते खोटं होतं. म्हणून हे पत्र लिहायला बसले. येत्या रविवारी सकाळच्या बसनं येते आहे, पण हे खोटं मनात घेऊन बसमध्ये बसवणार नाही.

आत्ता दाबलं. उजव्या हाताचं, अंगठ्याचं. पांढरं झालं. सोडलं.

लाली परत आली.

तुझी भाची,
प्रतिभा